कोटावरचा तिरंगा आणि त्यामागची ४१ वर्षे

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या नातीच्या महाविद्यालयात स्वातंत्र्यदिनी सर्व विद्यार्थ्यांना तिरंग्याचे बिल्ले वाटण्यात आले. बिल्ला ज्या पुठ्ठ्यावर खोचलेला होता, त्याच्या मागच्या बाजूस चार वाक्ये छापलेली आहेत : 'हा ध्वज प्रथम १९०७ मध्ये मॅडम कामा यांनी जर्मनीत फडकवला. तो पिंगली वेंकय्या यांनी तयार केला. केशरी रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर सर्वांचा. बिल्ला लहान असल्याने त्यास ध्वजसंहितेचे नियम लागू नाहीत.' मी शाळेत इतिहास शिकवीत असे. यातील काही विधाने मला खटकली. पण नेमके काय चुकले आहे, हे नातीला नीट उलगडून सांगता आले नाही. बिल्ल्याचे छायाचित्र सोबत पाठवीत आहे. कृपया खुलासा करावा.
एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : आपल्याला आलेली शंका रास्त आहे. पुठ्ठ्यावरचे शेवटचे वाक्य सरळ चुकीचे आहे. पहिली तीन अर्धवट खरी आहेत आणि म्हणूनच अधिक त्रासदायक आहेत. नियमांचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण बिल्ला लावणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध येतो.

राष्ट्र प्रतिष्ठा अपमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ या कायद्याने राष्ट्रध्वजाची व्याख्या करताना कापडी ध्वजापुरता विचार केलेला नाही. ध्वजाचे चित्र, रेखाटन, छायाचित्र, कोणत्याही पदार्थापासून घडवलेली किंवा कोणत्याही पदार्थावर उमटवलेली त्याची दृश्य प्रतिकृती, इतकेच काय पण ध्वजाच्या एखाद्या भागाची प्रतिकृतीसुद्धा या व्याख्येत येते. त्यामुळे पितळेवर मीना भरून केलेला इंचभर लांबीचा बिल्ला आकाराने लहान आहे म्हणून कायद्यातून सुटत नाही. सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी ध्वजाचा अवमान केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याचा अर्थ बिल्ला लावणे जोखमीचे आहे, असा मुळीच नाही. पूर्वी ध्वजाचा पोशाखाचा भाग म्हणून वापर करण्यासच मनाई होती. २००५ च्या दुरुस्तीने ती मनाई कंबरेखालच्या पोशाखापुरती आणि काही ठरावीक वस्तूंपुरती मर्यादित केली. उश्या, हातरुमाल, जेवणाच्या टेबलावरचे रुमाल, अंतर्वस्त्रे आणि कपड्यांचे कापड यांवर ध्वज छापणे किंवा भरतकामाने काढणे आजही निषिद्ध आहे. छातीवर, कोटाच्या कॉलरवर किंवा खांद्यावरच्या ओढणीवर बिल्ला लावण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही. तो डाव्या बाजूस लावण्याचा प्रघात आहे, कारण ती हृदयाची बाजू मानली जाते. आपल्या कायद्यात उजव्या-डाव्याचा उल्लेख नाही.

आपण पाठवलेल्या छायाचित्रातील बिल्ल्याविषयी मात्र दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पांढऱ्या पट्ट्यात चक्राच्या दोन्ही बाजूंना 'जय हिंद' अशी अक्षरे कोरलेली दिसतात. भावना चांगली असली, तरी ध्वजावर कोणत्याही प्रकारचा मजकूर घालणे हे कायद्याने दिलेल्या अवमानाच्या यादीतच आहे, आणि त्या यादीत 'मजकूर देशभक्तीचा असल्यास चालेल' अशी सवलत नाही. हीच अक्षरे ध्वजाच्या आयताबाहेर, खालच्या पट्टीवर कोरली असती, तर आक्षेपाला जागा राहिली नसती. दुसरी गोष्ट चक्राची. छायाचित्र मोठे करून पाहिले असता त्यात आठच आरे मोजता येतात. ध्वजसंहितेनुसार, म्हणजे ध्वजाच्या वापराविषयीच्या सरकारी नियमावलीनुसार, ते २४ आणि समान अंतरावर असावयास हवेत. यात कारागिराचा आळस कमी आणि मापाची अडचण अधिक आहे. प्रमाणित ध्वजांच्या नऊ आकारांपैकी सर्वांत लहान ध्वज १५० मिलिमीटर लांब आणि १०० मिलिमीटर उंच असतो व त्यातील चक्राचा व्यास २५ मिलिमीटर असतो. तेच प्रमाण १२ मिलिमीटर उंचीच्या बिल्ल्याला लावले, तर चक्राच्या वाट्याला जेमतेम तीन मिलिमीटर येतात. ठशाने दाबलेल्या धातूच्या कडांमध्ये रंग भरून तो भट्टीत पक्का करण्याच्या पद्धतीत एवढ्या जागेत २४ आरे वेगळे राखता येत नाहीत. रंग एकमेकांत मिसळून निळा ठिपका तेवढा उरतो. बारीक छपाई करून वर पारदर्शक लेप दिलेल्या बिल्ल्यात ते साधते. ज्या संस्थेला बिल्ले वाटायचे आहेत तिने मागणी नोंदवतानाच हा फरक विचारात घ्यावा. शिवाय मागे एकच टाचणी असलेला बिल्ला कापडावर फिरतो आणि दुपारपर्यंत केशरी पट्टा खाली आलेला असतो. कायदा केशरी पट्टा हेतुपुरस्सर खाली ठेवणे याला अवमान मानतो, त्यामुळे आपोआप फिरलेल्या बिल्ल्यासाठी कुणी गुन्हेगार ठरत नाही. पण दोन टाचण्यांचा बिल्ला घेतल्यास हा प्रश्नच उद्भवत नाही.

आता इतिहास. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम भिकाजी कामा यांनी हिंदी स्वातंत्र्याचा ध्वज फडकवला, हे खरेच आहे. मुंबईच्या पारशी कुटुंबात जन्मलेल्या या बाईंनी परक्या भूमीवर, अनेक देशांच्या प्रतिनिधींसमोर, ब्रिटिश प्रतिनिधींच्या नाराजीची पर्वा न करता हे धाडस केले. परंतु तो ध्वज आजचा तिरंगा नव्हता. त्याचा वरचा पट्टा हिरवा असून त्यावर आठ कमळे होती. मधल्या केशरी पट्ट्यावर देवनागरीत 'वन्दे मातरम्' लिहिले होते. आणि खालच्या तांबड्या पट्ट्यावर सूर्य व चंद्रकोर होती. इंदुलाल याज्ञिक यांनी तो गुप्तपणे हिंदुस्थानात आणला आणि आज तो पुण्यात केसरी-मराठा ग्रंथालयात आहे. कराडहून पुणे काही फार दूर नाही. नातीला घेऊन एकदा जरूर जावे, कारण त्या ध्वजाचे रंग आणि त्यावरची अक्षरे समोर पाहिली की पुठ्ठ्यावरच्या 'हा ध्वज' या शब्दांतली चूक वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

तो ध्वजही अगदी पहिला नव्हे. त्याच्या वर्षभर आधी, ७ ऑगस्ट १९०६ रोजी, कोलकात्यातील पारशी बागान चौकात बहिष्काराच्या चळवळीचा पहिला वर्धापनदिन साजरा करताना हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन पट्टे असलेला, कमळांचा आणि 'वन्दे मातरम्' असा मजकूर असलेला ध्वज उभारण्यात आला होता. स्टुटगार्टचा ध्वज त्याच कुळातला आहे. यानंतर होमरूल चळवळीच्या काळात लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट यांनी वापरलेला ध्वज आला, आणि तो मात्र या कुळापासून अगदी वेगळा होता : पाच तांबडे व चार हिरवे पट्टे एकाआड एक, त्यांवर सप्तर्षींच्या आकृतीत सात तारे, एका कोपऱ्यात चंद्रकोर व तारा आणि दुसऱ्या कोपऱ्यात चक्क ब्रिटिशांचा युनियन जॅक. टिळकांच्या ध्वजावर युनियन जॅक होता हे वाचून आजचा वाचक दचकतो. पण त्या वेळची मागणी साम्राज्यांतर्गत स्वराज्याची होती आणि ध्वज त्या मागणीशी प्रामाणिक होता. त्यावरील युनियन जॅक लोकांच्या पचनी पडला नाही आणि तो ध्वज फार काळ टिकला नाही, हेही तितकेच खरे.

आता पिंगली वेंकय्यांचे नाव येते. आंध्रातील मछलीपट्टणजवळच्या भटलपेनुमर्रू येथील या गृहस्थांनी १९१६ मध्ये राष्ट्रध्वजासाठी सुमारे ३० नमुने सुचवणारी पुस्तिका प्रसिद्ध केली होती आणि त्यानंतर काँग्रेसच्या प्रत्येक अधिवेशनात ते या विषयाचा पाठपुरावा करीत राहिले. १९२१ मध्ये बेझवाड्यात, म्हणजे आजच्या विजयवाड्यात, अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली असताना गांधीजींनी त्यांच्याकडून तांबड्या व हिरव्या रंगाचा, चरखा असलेला ध्वज करून घेतला. ध्वजावर चरखा असावा ही सूचना जालंधरच्या लाला हंसराज यांची. पांढरा पट्टा जोडण्याची कल्पना गांधीजींची. हे श्रेयविभाजन १३ एप्रिल १९२१ च्या 'यंग इंडिया'मध्ये खुद्द गांधीजींनी करून ठेवले आहे. त्या ध्वजात पांढरा वर, हिरवा मध्ये आणि तांबडा खाली असा क्रम होता, आणि त्या क्षणी रंगांचा अर्थ खरोखरच धर्मवार लावला गेला होता : तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतरांचा. पुठ्ठ्यावरचे तिसरे वाक्य इथून उचललेले आहे. लिहिणाऱ्याने फक्त तांबड्याच्या जागी केशरी घातला आणि पुढच्या दहा वर्षांत काय घडले ते वगळले.

त्या दहा वर्षांत जे घडले, त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९२३ मध्ये नागपुरात हा चरख्याचा ध्वज घेऊन सिव्हिल लाइन्सच्या दिशेने निघालेली मिरवणूक अडवण्यात आली आणि १ मेपासून झेंडा सत्याग्रह सुरू झाला. रोज स्वयंसेवकांची तुकडी ध्वज घेऊन निघे आणि रोज पकडली जाई. जमनालाल बजाज यांना शिक्षा व दंड झाला. दंडवसुलीसाठी त्यांची मोटार जप्त करण्यात आली, तेव्हा लिलावात बोली लावण्यास नागपुरात कुणी पुढे आले नाही आणि ती काठेवाडात नेऊन विकावी लागली. विनोबांनीही या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. दूरदूरच्या प्रांतांतून स्वयंसेवक येत राहिले, वल्लभभाई पटेलांनी नेतृत्व हाती घेतले, दीड हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले आणि अखेर १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच बंदी घातलेल्या रस्त्याने ध्वजासह गेली. तोवर एका पक्षाची खूण असलेले हे कापड नागपूरनंतर लोकांचे झाले. एप्रिल १९३० मध्ये सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर ते फडकले, पुढच्याच महिन्यात त्या शहरावर लष्करी कायदा लादला गेला. आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये हाती झेंडा धरलेला शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आपल्या साथीदारांसह पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. नागपूरच्या सत्याग्रहाच्या वेळचा ध्वज पांढरा-हिरवा-तांबडा आणि शिरीषकुमारच्या वेळचा केशरी-पांढरा-हिरवा होता, ही गोष्ट आपल्या शालेय चित्रांत सहसा दिसत नाही. नागपूरच्या सत्याग्रहींच्या हाती अशोकचक्र असलेला ध्वज देणारी चित्रे मात्र अनेक ठिकाणी पाहायला मिळतात.

मधल्या काळात रंगांच्या धर्मवार अर्थावर आक्षेप येऊ लागले होते. तीन रंग तीन समाजांचे असतील, तर आमचा रंग कुठे, हा शिखांचा सवाल बिनतोड होता. म्हणून १९३१ च्या कराची अधिवेशनाच्या वेळी सात जणांची समिती नेमण्यात आली. वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग आणि पट्टाभि सीतारामय्या यांच्याबरोबर त्या समितीत काकासाहेब कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर हेही होते. हर्डीकरांच्या सेवा मंडळाचे स्वयंसेवक नागपूरच्या तुरुंगात माफी न मागता राहिले होते, त्यामुळे ध्वजाविषयी बोलण्याचा अधिकार त्यांनी कमावलेला होता. या समितीने संपूर्ण केशरी ध्वज आणि त्यावर तपकिरी चरखा अशी शिफारस केली. ती मान्य झाली नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने केशरी, पांढरा व हिरवा या क्रमाने तीन पट्टे आणि मध्ये निळा चरखा असा ध्वज स्वीकारला आणि रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही, हे स्पष्ट केले. केशरी धैर्याचा व त्यागाचा, पांढरा सत्याचा व शांततेचा, हिरवा श्रद्धेचा व शौर्याचा. तेव्हा पुठ्ठ्यावरचे वाक्य १९२१ साठी बरोबर आहे आणि १९३१ पासून रद्द झालेले आहे, असे नातीला सांगावे. १९४७ मध्ये घटना समितीपुढे ठराव मांडताना नेहरूंनी हा खुलासा पुन्हा केला, आणि त्याच चर्चेत डॉ. राधाकृष्णन यांनी केशरी म्हणजे निःस्वार्थता, पांढरा म्हणजे सत्याचा प्रकाश आणि हिरवा म्हणजे मातीशी व वनस्पतींशी असलेले नाते, असा स्वतःचा अर्थ मांडला. मूळ ठरावाच्या मजकुरात मात्र रंगांचा कोणताच अर्थ दिलेला नाही. मला हे मौन शहाणपणाचे वाटते.

तो ठराव २२ जुलै १९४७ रोजी एकमताने संमत झाला. त्याआधी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली एका समितीने विचारविनिमय केला होता, तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, आझाद आदी मंडळी होती. चरखा जाऊन सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र आले ते या वेळी. नेहरूंनी सांगितलेले एक कारण अगदी व्यवहारी होते : चरख्याच्या एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला चाते असल्याने ध्वजाच्या मागील बाजूने तो उलटा दिसतो, चक्र मात्र दोन्हीकडून सारखेच दिसते. ठरावात चक्र हे चरख्याचेच प्रतीक असल्याचे नमूद आहे. तरीही गांधीजी नाराज झाले आणि ज्या ध्वजावर चरखा नाही त्याला मी वंदन करणार नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. नेहरूंनी सभागृहासमोर दोन ध्वज ठेवले होते, एक रेशमी खादीचा आणि दुसरा सुती खादीचा. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने घटना समितीला ध्वज अर्पण केला तो हंसा मेहता यांनी.

मग ध्वज कुणी 'तयार केला'? घटना समितीच्या कामकाजात कोणाही एका रचनाकाराचे नाव नोंदलेले नाही. १९२१ च्या ध्वजाचे श्रेय वेंकय्यांचे आहे आणि ते कुणी नाकारत नाही. चक्रासह आजचे रूप कागदावर उतरवण्याचे श्रेय सुरय्या तय्यबजी यांना दिले जाते. त्यांचे पती बद्रुद्दीन तय्यबजी हे सनदी अधिकारी, आणि मुंबईचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी, जे १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते, त्यांचे नातू. या दोन नावांत दरवर्षी ऑगस्टमध्ये समाजमाध्यमांवर कुस्ती लावली जाते ती निरर्थक आहे, कारण दोघांचे काम २६ वर्षांच्या अंतराने झालेले आणि भिन्न स्वरूपाचे आहे. एकच नाव हवेसे वाटण्याची ही हौस फक्त आपलीच नाही. अमेरिकेत बेट्सी रॉस या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सांगण्यावरून पहिला ध्वज शिवला, अशी कथा घरोघर सांगतात. प्रत्यक्षात ती कथा त्यांच्या नातवाने १८७० मध्ये पहिल्यांदा जाहीरपणे मांडली, म्हणजे १७७७ च्या ध्वजठरावानंतर ९० हून अधिक वर्षांनी. त्याउलट फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी ध्वजाच्या रचनेबद्दल १७८० मध्ये सरकारकडे रीतसर मोबदला मागितला होता आणि त्यासाठी सार्वजनिक साठ्यातील मद्याचे एक पिंप मिळावे, असे सुचवले होते. मागणी फेटाळली गेली, पण तिचे कागद उरले.

पुठ्ठा पुन्हा छापणार असतील, तर महाविद्यालयाला पाठवण्यासाठी मजकूर असा देता येईल : '१९०६ पासून अनेक रूपे घेत आलेला आणि १९२१ मध्ये पिंगली वेंकय्या यांच्या हातून आकारलेला ध्वज १९३१ मध्ये केशरी, पांढरा व हिरवा झाला, २२ जुलै १९४७ रोजी अशोकचक्रासह तो घटना समितीने स्वीकारला.' एवढ्या जागेत एवढे पुरे.

प्रश्न : येथील मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी आम्ही भारत व अमेरिका या दोन्ही देशांचे ध्वज एकमेकांवर तिरपे ओलांडलेले बिल्ले मागवीत आहोत. कोणता ध्वज कोणत्या बाजूस असावा?
एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपला प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. काठ्या ओलांडून दोन ध्वज लावताना तिरंगा त्याच्या स्वतःच्या उजवीकडे, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे असावा आणि त्याची काठी दुसऱ्या काठीच्या पुढे असावी, असे भारतीय ध्वजसंहिता सांगते. अमेरिकेची ध्वजसंहिता आपल्या ध्वजासाठी जवळजवळ याच शब्दांत हाच मान मागते. एकाच बिल्ल्यावर दोघांचे समाधान होणे शक्य नाही. आपला १९७१ चा कायदा भारताच्या हद्दीपुरता आहे, आणि बिल्ला अमेरिकेत वापरला जाणार आहे. तेव्हा यजमान देशाच्या रीतीप्रमाणे त्याचा ध्वज पाहणाऱ्याच्या डावीकडे ठेवल्यास कुणी बोट ठेवणार नाही. दोन्ही ध्वजांचे आकार आणि उंची मात्र सारखी असू द्यावी. हा पेच टाळायचा असल्यास प्रत्येक देशाचा वेगळा बिल्ला करावा. अमेरिकी संहितेत बिल्ल्याचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि तो डाव्या कॉलरवर, हृदयाजवळ लावावा असे ती सांगते.

प्रश्न : लहानपणी डिसेंबर महिन्यात शाळेत पैसे देऊन टाचणीने छातीला लावायचा छोटा झेंडा मिळत असे. त्याचे रंग तांबडा, गडद निळा आणि फिका निळा असे होते. हा कोणत्या देशाचा ध्वज होता?
एक वाचक, बार्शी

उत्तर : कोणत्याच देशाचा नव्हे. ७ डिसेंबर हा १९४९ पासून सशस्त्र सेना ध्वज दिन म्हणून पाळला जातो, आणि तांबडा, गडद निळा व फिका निळा हे अनुक्रमे भूदल, नौदल व हवाई दल यांचे रंग आहेत. जमा होणारा निधी युद्धात जायबंदी झालेले जवान, वीरगती प्राप्त झालेल्यांची कुटुंबे आणि माजी सैनिक यांच्यासाठी वापरला जातो. आपल्याकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये संकलनाचे काम पाहतात. छातीवर झेंडा लावण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना तिरंग्याच्या बिल्ल्यापेक्षा या कागदी झेंड्यामुळेच लागली. तो राष्ट्रध्वज नसल्याने त्यावर छापील मजकूर असण्यास हरकत नाही.

प्रश्न : तुटलेले, रंग उडालेले तिरंग्याचे बिल्ले आणि २६ जानेवारीचे कागदी झेंडे घरात साठले आहेत. कचऱ्यात टाकण्यास मन धजत नाही. काय करावे?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कचऱ्यात टाकू नयेत, हे आपले मन सांगते तेच संहिताही सांगते. राष्ट्रीय, सांस्कृतिक व क्रीडाविषयक प्रसंगी वापरलेले कागदी झेंडे जमिनीवर फेकू नयेत. ते खाजगीरीत्या, ध्वजाचा मान राखून नष्ट करावेत. जीर्ण झालेला कापडी ध्वज संपूर्णच नष्ट करावयाचा असतो, शक्यतो जाळून, आणि तोही चारचौघांत नव्हे. कागदी झेंड्यांनाही तीच रीत लावावी. धातूच्या बिल्ल्याबद्दल संहितेत वेगळी पद्धत दिलेली नाही. पितळेचा बिल्ला असल्यास मोडीच्या भांड्यांबरोबर कारागिराकडे देऊन समोर वितळवून घेणे मला योग्य वाटते. प्लॅस्टिकचे झेंडे आणि बिल्ले यांची मात्र खरी पंचाईत आहे. ते जाळल्यास विषारी धूर होतो आणि पुरल्यास कुजत नाहीत, म्हणूनच सरकार ते वापरू नयेत असे वारंवार बजावते. घरात असलेले नीट गुंडाळून पुढच्या वर्षी पुन्हा वापरावेत आणि नवे विकत घेऊ नयेत.